रिकाम्या जागेतला दिवा

चार वाजता दिव्या हिची मुलाखत होती, लहान मुलांना ऑनलाइन शिकवण्याच्या नोकरीची. आणि ती बोलायला लागली की स्क्रीनवरचं चित्र अडकत होतं.

निपाणीच्या त्या घरात रायगोंडा आप्पा नातीची पद्धत कौतुकानं बघत होते. नेटच्या वायरी जिथं जोडतात त्या स्विचच्या डबीत प्रत्येक जागेशी एक बारीक दिवा होता; तिथली एकेक वायर काढायची, बघायचं, परत लावायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, हेच त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलं होतं.

"आप्पा, पाचव्या जागेत वायरच न्हाय. तरी मी बोलले की तिथला दिवा लुकलुकतोय."

"मग त्यालाच शिकीव की," आप्पा हसले.

नातीलाही हसू आलं. "एक," ती म्हणाली. दिवा एकदा लुकलुकला. "दोन." दोनदा. "तीन." तीनदा, पण जरा अडखळत, शाळेत नव्यानं आलेल्या पोरासारखा.

"लई हुशार हाय गं," आप्पा नकळत बोलून गेले.

"हुशारी ऱ्हाऊ दे. चारला धा मिनिटं हायत." तिनं स्विचच्या विजेची पिन भिंतीतून उपटली. सगळे दिवे विझले. पिन तिच्या हातातच होती.

पाचव्या जागेतला दिवा लागला. सावकाश, अजिबात न अडखळता, तो चारदा लुकलुकला.