समोरचं दार

नात शब्दार्थ पाठ करत बसली होती आणि आजी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी होती.

“आजी, दुर्गम म्हणजे काय गं?”

“जिथून पलीकडे जाणं फार अवघड असतं असा रस्ता. वाटेत डोंगर नाहीतर दलदल असते.”

“मग वाक्यात उपयोग सांग.”

“मी मेली कधी गेले डोंगरात? तूच जुळव काहीतरी.”

तेवढ्यात समोरच्या दारामागं तान्हं बाळ रडायला लागलं. आजीचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

नातीनं घसा खाकरला. “बाबा आणि काका भांडल्यापासून, समोर काकाकडे जायचा रस्ता आजीसाठी दुर्गम आहे.”



“वाक्य बरोबर आहे,” आजी म्हणाली, “पण हळू म्हण. बाबा आत आहेत.”