एकोणीस सल्लागार

शिकंज्याच्या लोखंडी जबड्यांत हिशेबनिसाचा उजवा पंजा मनगटापर्यंत गेला होता आणि साचे घडवणारा मिस्त्री त्याचा दांडा सावकाश फिरवीत होता. त्याला यत्किंचितही घाई नव्हती. चोवीस वर्षे याच बाकावर त्याने पोलादाचे तुकडे असेच धरले होते. किती आवळले म्हणजे वस्तू हलत नाही आणि किती आवळले म्हणजे ती दबू लागते, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होते.

“दादा, सोडा हो! बोटं तुटतील माझी!” हिशेबनीस कळवळला. तो मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

“इतक्यात नाही तुटायची, भावोजी. अजून दोन वेढे अवकाश आहे.” मिस्त्रीच्या डाव्या मुठीत हातोडा होता. “आधी या सगळ्यांना ऐकू द्या. तीन वर्षांपूर्वी माझी सही घेताना काय म्हणाला होतात?”

बाकांच्या मागे अठरा कारागीर उभे होते. सकाळचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता, पण यंत्र एकही सुरू झाले नव्हते.

“म्हणालो, की आजपासून तुम्ही नोकर नाही, सल्लागार. पगार नाही, मानधन. हातात चार पैसे जास्तच पडतील.”

“आणि कर?”

“कर आम्ही कापतोच आहोत, निर्धास्त राहा, असं म्हणालो.”

“कापत किती होतात?”

हिशेबनिसाने डोळे मिटून घेतले. दांडा किंचित फिरला.

“दहावा हिस्सा! आई गं! दहावाच! बाकीचा सल्लागारानं आपला आपण भरायचा असतो. कागदावर लिहिलं होतं, दादा!”

“लिहिलं होतं खरं.” मिस्त्रीने मान डोलावली. “एकवीस वर्षं पगारातून पुरता कर कापला जात होता. मला वाटलं, कापला म्हणजे भरला. मूर्खपणा माझाच. पण तुम्ही दर रविवारी माझ्या घरी येऊन बसत होता, भावोजी. तीन वर्षांत एकदा तोंड उघडायचं होतं.”

त्याच्या खिशात करखात्याची नोटीस होती. राहिलेला कर, त्यावर व्याज, त्यावर दंड; पंधरवड्यात भरणा न झाल्यास राहत्या दोन खोल्यांची जप्ती. काल त्याने कर-अधिकाऱ्यापुढे हात जोडले होते. अधिकारी भला गृहस्थ होता. तो म्हणाला होता, “तुम्ही सल्लागार नव्हता, नोकर होता, एवढं सिद्ध करा. नोकराचा पूर्ण कर कापायची जबाबदारी मालकाची. मग मी तुमच्या नव्हे, त्यांच्या दारी जाईन. ते हुकूम देतात आणि तुम्ही तो पाळता, असं त्यांच्या हातचं लेखी आणा.”

तेवढा एक कागद मागायला मिस्त्री आज सकाळी हिशेबनिसाच्या खोलीत गेला होता. हिशेबनीस हसला होता. त्या हसण्यासरशी मिस्त्रीने त्याची कॉलर धरली आणि जिन्याच्या एकवीस पायऱ्या त्याला फरफटत खाली आणले.

“सल्लागार म्हणे!” मिस्त्री आता सर्वांना उद्देशून म्हणाला. “तीन वर्षांत एकानं तरी मला सल्ला विचारला? एवढे साचे फुटले, एकसुद्धा मला विचारून फुटला नाही.”

मागे कोणी तरी फिस्सकन हसले आणि तत्क्षणी गप्प झाले. शिकंज्याखाली रक्ताचे थेंब पडू लागले होते.

दारात मालक येऊन उभे राहिले. त्यांच्यासोबतचा पहारेकरी पुढे सरसावला, पण दोन कारागिरांनी त्याची वाट अडवली.

“काय चाललंय हे?” मालकांचा आवाज छपराला भिडला. “अरे ए मिस्त्री, सो...”

पुढचे अक्षर त्यांनी गिळले. परंतु तेवढ्या अर्ध्या शब्दावर मिस्त्रीचा हात दांड्यावर थबकला होता.

“थांबलात का, मालक? ‘सोड’ म्हणा. या क्षणी सोडतो. तुमचा शब्द मी कधी मोडलाय?” त्याचा स्वर खरोखरच आर्जवी होता. हातोडा खाली ठेवून त्याने खिशातून एक कोरा कागद काढला आणि बाकावर पसरला. “फक्त एवढं लिहून द्या, की हा आमचा नोकर आहे आणि आमच्या हुकमानं वागतो.”

मालकांची दृष्टी त्या कागदावरून उठली आणि अठरा चेहऱ्यांवरून फिरली. प्रत्येकाने तीन वर्षांपूर्वी तशीच सही केलेली होती. एकाला नोकर म्हटले की एकोणीसही नोकर होणार होते. कारखान्यात यंत्राचा आवाज नसला म्हणजे माणसाचा श्वासही ऐकू येतो. त्या वेळी मालकांचा ऐकू येत होता.

“हे पाहा, मिस्त्री,” ते अखेर म्हणाले, “मी तुम्हाला... विनंती करतो.”

चोवीस वर्षांत मालकांनी त्याला ‘तुम्ही’ म्हटल्याचे हे पहिलेच. मिस्त्रीच्या डोळ्यांत क्षणमात्र पाणी तरळले, आणि मग ते डोळे विझले.

“विनंती मानायची की नाही, ते सल्लागारानं ठरवायचं असतं,” तो म्हणाला आणि त्याने दांडा पूर्ण एक वेढा फिरवला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. हिशेबनीस गुडघ्यांवर कोसळला. हात मात्र वर अडकलेलाच राहिला.

“हुकूम द्या हो, मालक!” तो गुरासारखा ओरडला. “नोकरच आहे तो आपला! सगळे नोकरच आहेत! हुकूम द्या त्याला!”

मालकांनी रुमाल काढून तोंडावर दाबून धरला. पुढचा वेढा सुरू झाला, तरी त्यांनी तो काढला नाही.