यंदाचं वाण

"भावोजी, हळदीकुंकू पुरुषांनी करायचं का?" शेजारच्या सरूवहिनी सुनेसोबत दारातच थबकल्या.

"दरवर्षी ही करायची. ही गेली म्हणून मी बंद करणार नाही." मुकुंदरावांनी दोघींच्या हातावर तिळगुळासोबत वाणाचं पाकीट ठेवलं. पाकिटात कापसाची काडी होती. "गालाच्या आतून फिरवून परत द्या, दात्यांच्या नोंदणीसाठी पाठवतो. ब्लड कॅन्सरमध्ये हिच्याशी जुळणाऱ्या मूळ पेशी कुणाच्याच सापडल्या नाहीत. तुमच्या पेशी दुसऱ्या कुणाला तरी जुळतील. माझं वय उलटलं, माझ्या घेत नाहीत."

"ठेव ते खाली," वहिनींनी सुनेला दटावलं. "तुला अजून लेकरं व्हायचीत."

"त्यात काही अडत नाही, वहिनी. पेशी बहुतेक वेळा रक्तदानासारख्याच हातातून घेतात." मुकुंदराव हटले नाहीत.

सुनेने पाकीट फोडलं. "आई, सवाष्णीने वाण नाकारू नये, असं तुम्हीच शिकवलंत ना?" म्हणत तिने काडी गालात घातली.