मिठाकडे बघा गं
शाळेत पोरांसाठी भात-आमटी शिजवणाऱ्या आम्ही तिघी निवृत्त होणाऱ्या चंपामावशींना हॉटेलात जेवायला घेऊन गेलो. तासभर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. मावशी दोनदा स्वतःच आणायला उठल्या. आम्ही त्यांना हात धरून बसवलं. अखेर आमटी आली, तीही गारढोण.

लाजेनं आमच्या माना खाली गेल्या. आमची आमटी रोज तळहातावर घेऊन चाखणाऱ्या मावशी "मिठाकडे बघा गं" याखेरीज कधी काही बोलल्या नव्हत्या.

"जेवण कसं होतं?" मॅनेजरनं हसून विचारलं.

मावशींनी वाटी बाजूला सारली. "उद्या आमच्या शाळेत येऊन जेवा. ह्या तिघी तीनशे पोरांना वाढतात. शेवटच्या पोराच्या ताटातूनही वाफ निघते. आणि मीठ कधी चुकत नाही."