शेवाळाचं विरजण

जुन्या कूलरच्या सवयीने रेवतीने खिडकीतली जाळी फिनेलने लख्ख घासली आणि तिच्यावर वाढवलेलं, घर गार ठेवणारं जिवंत शेवाळ मेलं. दिवेलागणीपर्यंत अकोल्यातलं ते घर भट्टीसारखं तापलं. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना हलवण्याची सोय नव्हती. वाटी घेऊन ती शेजारी धावली.

"काकू, विरजणापुरतं शेवाळ द्या हो."

"दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, बाई." तिच्या चेहऱ्याकडे पाहून मंदाकाकूंनी पाठ फिरवली. "चोरून ने. मी पाहिलं नाही."

जाळी पुन्हापुन्हा धुऊन रेवतीने शेवाळ लावलं. ते धरायला पहाट होणार होती.

"बाबा, तेवढा दम धरा," म्हणत ती सुपाने वारा घालत राहिली. वाराही गरमच होता.