लेखी भीती

बॉयलरचा व्हॉल्व्ह अडकला, तेव्हा लाँड्रीतले सगळे जीव मुठीत धरून पळाले होते. बॉयलरवाल्या मावशी तेवढ्या वाफेत शिरल्या आणि हात भाजून घेत व्हॉल्व्ह उघडून आल्या. आज त्यांचा सत्कार होता. मॅनेजरसाहेब माइकवरून तोंड भरून कौतुक करत होते, "भीती हा शब्दच आमच्या मावशींना माहीत नाही!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मावशींचं डोकंच फिरलं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले.

"माहीत नाही कसा? तीनदा लिहून दिलाय, तारखेसकट. 'व्हॉल्व्ह अडकतो आहे, जवळ उभं राहायची भीती वाटते.' पदक मागाहून घेते, आधी हे वाचून दाखवा. आणि खाली तुमचा शेरा आहे, तोही."

साहेबांनी कागद घेतले, वरवर चाळले आणि माइक बाजूला सारला. तिन्ही कागदांवर त्यांच्याच सहीनिशी एकच शेरा होता आणि मावशींना तो तोंडपाठ होता.

"वाचा की, साहेब," त्या म्हणाल्या. "घाबरण्याचे कारण नाही."