चुकलेली खुर्ची

सर आत आले आणि थेट डॉक्टरच्या स्टुलावर जाऊन बसले.

डॉक्टरीण दारातच थबकली. दवाखाना तिचा होता आणि आज सर पेशंट होते. त्यांचा गाल सुजला होता, अक्कलदाढ काढायची होती आणि ती काढायची होती तिला. पण ज्यांनी आपल्याला पक्कड धरायला शिकवलं, त्यांना 'उठा' म्हणायचं तरी कसं? सरांनी दिवा ओढला, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर उजेड पाडला आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाले, "ये, बस. घाबरायचं नाही."

आणि ती बसली. चांगली शिकलीसवरलेली, दाराबाहेर स्वतःच्या नावाची पाटी लावलेली बाई निमूटपणे पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. आता नुसता आ करायचा बाकी होता.

लोण्यातून केस काढावा तशी सर दाढ काढत, म्हणून कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागे 'लोणी सर' म्हणायची. तिचं मात्र उलट. दाढ काढायची असली की सकाळपासून पोटात गोळा यायचा. अवघड पेशंट तर ती सरांकडेच पाठवून द्यायची. आज सरांची दाढ झाली की त्यांना सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. दाढा काढणं आजपासून बंद. दात भरायचे, साफ करून द्यायचे, बस्स. हा आपला पिंड नाही.

सर बोलत होते. पडद्यांचा रंग छान आहे म्हणाले. फरशी कुणी बसवली विचारलं. एक विनोद सांगायला घेतला आणि तो संपायच्या आत स्वतःच हसले. मग सुई कोणती वापरतेस, औषध कोणतं, पक्कड दाखव बरं. तिला वाटलं, झाली तोंडी परीक्षा सुरू.

पण खुर्ची मागे कललेली होती आणि दिव्याचा उजेड सरांच्या बाजूलाही थोडा सांडत होता. सर पेशंटला कसे दिसतात, हे ती आज पहिल्यांदाच बघत होती. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. आणि तोंड काही केल्या थांबत नव्हतं.

फार बोलणाऱ्या पेशंटला आधी पाणी द्या, असं सर वर्गात नेहमी सांगत.

"सर," ती हळूच म्हणाली, "पाणी देऊ?"

सर बोलता बोलता थांबले. मग खांदे पाडून म्हणाले, "कळलं होय तुला?"

"तुम्ही घाबरलात?"

"जन्मभर लोकांच्या दाढा काढल्या, स्वतःची एकही काढून घेतली नाही. तुझ्या काकूनं बखोटीला धरून आणलंय मला. बाहेर राखण करत बसलीय, पळून जाईन म्हणून."

"पण सर, तुमचा हात कधी हलत नाही."

"हात कसा हलेल? सगळी थरथर पोटात. रोज पहिला पेशंट बसेपर्यंत हा गोळा. वर्गात शिकवायला उभा राहिलो तरी तेच. पोरांना वाटतं, सर गंभीर आहेत. कसले गंभीर? सर घाबरलेले असतात."

"अजून?"

"घरजावई आहे तो गोळा. जायचं नावच घेत नाही."

डॉक्टरणीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. गुरूची भीती ऐकून कुणी असं खूश होतं का? पण ती झाली खरी. "मलाही होतं, सर," ती एका दमात म्हणाली. "रोज. मला वाटायचं मी एकटीच. मी तर आज तुम्हाला सांगणार होते, दाढा काढणं सोडते म्हणून."

"सोड की," सर म्हणाले. "आधी माझी काढ आणि मग सोड."

दोघंही खो खो हसत सुटली. हसता हसताच सरांच्या लक्षात आलं की आपण कुठं बसलोय. "अरेच्चा!" म्हणत ते उठले, तीही उठली आणि ज्याची त्याला जागा मिळाली.

तिनं सुई उचलली. "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं."

सरांनी एक डोळा उघडला. "केवढी मुंगी?"

"हे तुम्हीच शिकवलंत, सर."

"ठोकून दिलं होतं मी!"

जबडा बधिर झाल्यावर तिनं पक्कड घेतली. पोटात गोळा होताच, नेहमीच्या जागी. पण आज त्याचं तिला ओझं वाटलं नाही. आपल्यासमोर मुठी आवळून पडलेल्या माणसाच्या पोटातही तो आहे, एवढ्यानंच तिला बरं वाटत होतं. दाढ चिवट निघाली. तिनं घाई केली नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि दाढ हातात आली.

"हं, कर सुरू," सर डोळे घट्ट मिटून बोबडं बोलले.

"काढली, सर."

सरांनी डोळे उघडले. ट्रेमधल्या दाढेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "लोणी!" ते म्हणाले. म्हणजे ते नाव त्यांना ठाऊक होतं तर.

तिनं त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवला. "दाबून धरा. आणि पलीकडचीही खराब झालीय, ती पुढच्या आठवड्यात काढू. दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, सांगून ठेवते."

सरांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि काकूंनी आत डोकावलं. "झालं का गं? खरं सांगा, जास्त कोण घाबरलं होतं?"

सरांनी डॉक्टरणीकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरणीनं सरांकडे.